पाच रुपयांची घासाघीस आणि दोन लाखांचं ‘ठीक आहे’

ठाण्यात जांभळी नाक्याच्या भाजी मार्केटात संध्याकाळी नुसतं उभं राहिलात तरी कळेल, पंधरा रुपयांची कोथिंबीर दहाला मागणारी माणसं किती सिरीयस असतात ते. जुडी खाली ठेवायची, दोन पावलं पुढे जायचं, भाजीवाली ‘अहो ताई घ्या’ म्हणेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, सगळं ठरलेलं. आणि हीच माणसं रविवारी घोडबंदर रोडला एखाद्या टॉवरच्या साइट ऑफिसात एसीत बसली, पुढ्यात कॉफी आली, की सेल्सवाला कागदावर लिहीत लिहीत म्हणतो ‘सर क्लब हाऊसचे वेगळे दोन लाख’, आणि सर म्हणतात ठीक आहे. पाच रुपयांसाठी पाच मिनिटं आणि दोन लाखांसाठी पाच सेकंद पण नाहीत.

याला लोक हसतात, पैशाची किंमत नाही म्हणतात. पण किंमत नसती तर कोथिंबिरीला पण नसती ना. गोष्ट वेगळी आहे. आपला मेंदू आकडा मोजतच नाही, तो आकडा शेजारच्या आकड्याशी ताडून बघतो आणि ‘मोठा’ किंवा ‘किरकोळ’ असा शेरा मारून मोकळा होतो. पंधरातले पाच म्हणजे एक तृतीयांश, सव्वा कोटीतले दोन लाख म्हणजे दोन टक्के पण नाहीत. शेरा बरोबर आहे, फक्त बँकेतून टक्के जात नाहीत, रुपये जातात. आणि यातली खरी गंमत, म्हणजे तुमच्या माझ्यासाठी गंमत नाही, ती अशी की कशाशी ताडून बघायचं हे बऱ्याचदा आपण ठरवतच नाही, समोरचा ठरवतो.

हे फक्त पैशाचं नाहीये, डोळ्यापासूनच सुरू होतं. एमआयटीमधल्या एडवर्ड एडेलसन नावाच्या शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एक चित्र केलं, नेटवर सहज सापडेल, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन आणि त्यावर एका हिरव्या नळकांड्याची सावली पडलेली. त्यातला सावलीबाहेरचा एक चौकोन गडद दिसतो आणि सावलीतला एक चौकोन चांगला फिकट दिसतो, आणि दोघांचा रंग एक्झॅक्ट सेम असतो. पटत नाही म्हणून माणसं कागदाला दोन भोकं पाडून बघतात, सेम दिसतात, कागद काढला की परत वेगळे. आता हा डोळ्याचा दोष म्हणायचा का? अजिबात नाही. तुमचा पांढरा शर्ट उन्हात पण पांढरा दिसतो आणि घरात संध्याकाळी अर्ध्या उजेडात पण पांढराच दिसतो, जरी तेव्हा त्याच्यावरून डोळ्यात येणारा उजेड उन्हातल्यापेक्षा कितीतरी पट कमी असला तरी. कारण डोळा नुसता उजेड मोजत नाही, आजूबाजूच्या मानाने किती ते बघतो. ही सोय नसती तर गॅलरीतून आत आल्यावर घरातली माणसं ओळखायला वेळ लागला असता. म्हणजे जी सोय एरवी कामाची तीच कधीकधी फसवते.

जर्मनीत लायप्झिगला एर्न्स्ट वेबर नावाचे प्रोफेसर होते, त्यांनी १८३० च्या दशकात लोकांच्या हातात वजनं देऊन बघितलं की वजन किती वाढवलं की माणसाला कळतं. तर ठरावीक ग्रॅम असं काही नसतं, आधी हातात किती होतं त्याच्या प्रमाणात वाढवावं लागतं. रिकाम्या पिशवीत अर्धा किलो साखर टाकली की लगेच कळतं, दहा किलोच्या पिठाच्या डब्यात टाकली तर तेवढं चटकन नाही कळत. पैशाचं वजन हाताला लागत नाही, पण मनाला लागतं ते याच हिशोबाने.

डॅनियल काहनमन आणि एमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हेच दुकानात नेलं. काहनमनना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ट्वर्स्की १९९६ मध्येच गेले होते. त्यांनी एका गटाला विचारलं, तुम्ही १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घ्यायला आलात, दुकानदार म्हणाला आमच्या दुसऱ्या ब्रँचला तो १० ला आहे, गाडीने वीस मिनिटं, जाल का? ६८ टक्के म्हणाले जाऊ. दुसऱ्या गटाला सगळं तेच, फक्त कॅल्क्युलेटर १२५ चा आणि तिकडे १२० ला. आता जाऊ म्हणणारे २९ टक्के. वाचणारे डॉलर पाचच, लागणारी मिनिटं वीसच, पण जाऊ म्हणणारे निम्म्याहून कमी झाले कारण शेजारचा आकडा बदलला.

इथे भाजी घेणाऱ्या काकूंच्या बाजूने एक बोलायचंय. रोज भाजी घेणारा माणूस रोज पाच रुपये वाचवतो, वर्षाचे अठराशे होतात, आणि फ्लॅट आयुष्यात एकदा घेतो, त्यामुळे मार्केटातली सवय काही अगदीच येडेपणा नाही. शिवाय घासाघीस करण्यात मजा असते, ते फुकटचं नाटक असतं, त्याला हिशोब लावायचा नसतो. माझं म्हणणं एवढंच की ती मेहनत जिथे सगळ्यात जास्त लागते तिथेच आपण थकलेले किंवा भारावलेले असतो.

आता त्या साइट ऑफिसातच जरा बसू, कारण तिथे हे सगळे प्रकार एका टेबलावर बघायला मिळतात. पहिला आकडा कोण बोलतो? ते बोलतात. ‘सर लिस्ट प्राइस एक अडतीस, पण आज बुकिंग केलं तर एक सव्वीस करून देतो.’ आता तुमच्या डोक्यात बारा लाख वाचले हे बसलं. एक अडतीसला कोणी घेतलाय का, कधी घेतलाय, हा प्रश्नच पडत नाही, कारण तो आकडा प्रश्न विचारायला नव्हताच, तो फुटपट्टीचं शून्य कुठे ठेवायचं ते ठरवायला होता. काहनमन-ट्वर्स्कींचा १९७४ चा एक प्रयोग आहे, त्यात लोकांसमोर जत्रेत असतं तसं आकड्यांचं चक्र फिरवायचे, ते सेटिंग करून १० वर नाहीतर ६५ वर थांबायचं, आणि मग विचारायचे की युनोमध्ये आफ्रिकी देश किती टक्के आहेत. चक्राचा आणि आफ्रिकेचा काही म्हणता काही संबंध नाही, लोकांना ते दिसतंय पण. तरी ज्यांना १० आला त्यांच्या उत्तरांचा मध्य २५ आणि ज्यांना ६५ आला त्यांचा ४५. मग जो आकडा सूटबूट घालून, ब्रोशरवर छापून येतो त्याची ताकद किती असेल विचार करा.

तुम्ही म्हणाल आम्ही नवखे, पण या लाइनमधले जाणकार असं फसणार नाहीत. अमेरिकेत टूसॉन गावात १९८७ मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी हेच बघितलं. खऱ्या घरात खऱ्या इस्टेट एजंटांना नेलं, घर हिंडू दिलं, आजूबाजूच्या व्यवहारांची माहिती भरलेली फाइल दिली, सगळ्यांना तीच, फक्त मालकाने सांगितलेली किंमत वेगवेगळी. ज्यांच्या फाइलमध्ये मोठी किंमत त्यांनी घराचं मोल जास्त लावलं, ज्यांच्या फाइलमध्ये छोटी त्यांनी कमी. आणि कशावरून ठरवलंत विचारलं तर बहुतेक एजंटांच्या उत्तरात त्या किमतीचं नावच नाही. खोटं बोलत नव्हते बिचारे, त्यांना खरंच दिसलं नव्हतं.

दुसरा प्रकार फ्लॅट दाखवताना होतो. सेल्सवाला आधी तुम्हाला एक अंधारा फ्लॅट दाखवतो, खिडकी उघडली की शेजारच्या विंगचं डक्ट, आणि किंमत सांगतो जवळपास तीच. मग लिफ्टने वर नेतो आणि दुसरा दाखवतो, येऊरच्या डोंगराचा एक तुकडा दिसणारा, फक्त दीड लाख जास्त. तुम्ही दोन फ्लॅटची तुलना करताय आणि दुसरा सॉलिड जिंकतोय. पण पहिला विकायला नव्हताच हो, तो दुसऱ्याच्या शेजारी उभं राहायला होता. मार्केटिंगच्या अभ्यासात १९८२ पासून हा प्रकार नोंदलेला आहे, की दोन पर्यायांत अडलेल्या माणसापुढे त्यातल्याच एकासारखा पण थोडा वाईट असा तिसरा ठेवला की लोक त्या एकाकडे सरकतात. आपल्याकडे लग्नाच्या साड्या दाखवणाऱ्या दुकानदाराला हे कुठलाही पेपर न वाचता माहीत असतं.

आणि तिसरा प्रकार मला सगळ्यात डेंजर वाटतो, कारण त्यात समोरचा माणूस तुमच्या वतीने हिशोब करून देतो. ‘सर दोन लाख कशाला बघता, ईएमआयमध्ये सतराशेचा फरक पडतोय.’ खरं आहे, साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर दोन लाखांना महिन्याला साधारण १७३६ रुपये बसतात. पण २४० हप्ते आहेत, सगळे मिळून चार लाख सोळा हजार. दोन लाखांचे चार लाख झाले आणि ऐकताना ते सतराशे झाले. रुपये तेच, फक्त एकक बदललं, आणि सतराशे रुपये आपण ज्याच्याशी ताडून बघतो तो असतो महिन्याचा पगार, त्याच्यापुढे ते किरकोळच वाटणार. असा हिशोब कानावर आला की मी आधी बघतो, एकक कोणी बदललं.

विकणाऱ्याची बाजू पण सरळ नसते. नवी मुंबईत खारघरला किंवा उलव्याला गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेऊन ठेवलेले एखादे काका तुमच्या पण नात्यात असतीलच. ‘पंच्याऐंशीला घेतलाय, ऐंशीला कसा देऊ?’ आता समोर गिऱ्हाईक उभं आहे त्याला काकांनी कितीला घेतला याच्याशी काय घेणंदेणं, बाजारात आज त्याचे ऐंशी येतात तर आज तो ऐंशीचा आहे. पण काकांच्या डोक्यात ८५ ही रेघ आखलेली आहे, तिच्या वर गेलं की फायदा आणि खाली आलं की तोटा, आणि तोटा हा तेवढ्याच फायद्यापेक्षा जास्त झोंबतो. बॉस्टन शहरातल्या फ्लॅटचे १९९० च्या दशकातले व्यवहार घेऊन जेनेसोव्ह आणि मेयर यांनी २००१ मध्ये दाखवलं की ज्यांना खरेदीपेक्षा कमी मिळणार होतं ते मालक किंमत जास्त सांगत होते आणि त्यांचे फ्लॅट जास्त काळ विकल्याविना पडून राहत होते. म्हणजे मेंटेनन्स भरत बसायचं, व्याज भरत बसायचं, पण ८५ च्या खाली सही करायची नाही. माझ्या मते काकांना एकच विचारावं, की आज तुमच्याकडे ऐंशी लाख कॅश असती तर हाच फ्लॅट तुम्ही विकत घेतला असता का? बहुतेक काका गप्प होतात किंवा विषय बदलतात.

पैशाचं पुरे, आता गाड्यांकडे येऊ, कारण एककाची फसवणूक तिथे नुसती शुद्ध गणितात दिसते, कोणी सेल्सवाला पण लागत नाही. समजा एका घरात एक जुनी कार आहे, लिटरला १० किलोमीटर देते, आणि एक स्कूटर आहे, ४० देते. दोन्ही महिन्याला हजार हजार किलोमीटर फिरतात. एकच वाहन बदलायचं बजेट आहे. कार बदलली तर १० ची साडेबारा होईल, स्कूटर बदलली तर ४० ची ६० होईल. पेट्रोल कशाने जास्त वाचेल? बहुतेक सगळे म्हणतात स्कूटर, दीडपट झालं ना मायलेज, काय विचारता. आता कागदावर करा. कारला आधी १०० लिटर लागायचं, आता ८० लागेल, वाचलं २०. स्कूटरला आधी २५ लिटर लागायचं, आता पावणेसतरा, वाचलं सव्वाआठच्या आसपास. लिटरला शंभरच्या वर भाव धरला तर कारवाल्या बदलात महिन्याला दोन हजार आणि स्कूटरवाल्यात आठशेच्या जरा वर. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या लॅरिक आणि सोल यांनी २००८ मध्ये हे लोकांवर करून दाखवलं. कारण सोपं आहे, आपल्याला पैसे लिटरचे द्यायचे असतात आणि मायलेजमध्ये लिटर भागाकाराच्या खाली दडून बसलेलं असतं. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं सांगतात, तिथे हा घोळ कमी होतो.

स्पीडचं अगदी तसंच. नवी मुंबईतला पाम बीच रोड बघा, वाशीपासून बेलापूरपर्यंत ढोबळ दहा किलोमीटर धरू, मोकळा सरळ रस्ता, एका बाजूला खाडी, पाय आपोआप दाबला जातो. साठने गेलात तर दहा मिनिटं. ऐंशीने गेलात तर साडेसात. शंभरने गेलात तर सहा. म्हणजे ऐंशीचे शंभर करून, जीव मुठीत घेऊन आणि चलानाचा मेसेज ओढवून, वाचवलं काय तर दीड मिनिट, आणि पुढचा एक सिग्नल लाल लागला की ते पण गेलं. आता घोडबंदर रोडला या. मेट्रोचे खांब, सर्व्हिस रोड, कंटेनर, माजिवड्यापासून रांग लागलेली आणि गाडी ताशी दहाने चाललीये. तेच दहा किलोमीटर, एक तास. तुम्ही घरून जरा लवकर निघालात आणि स्पीड दहाचा फक्त पंधरा झाला, लाज वाटावी असा स्पीड, तरी तासाची चाळीस मिनिटं झाली. वीस मिनिटं वाचली. दहाचे पंधरा आणि ऐंशीचे शंभर, दिसायला दुसरी उडी मोठी आणि थ्रिल पण तिच्यातच, वेळ मात्र पहिलीत वाचतो. स्वीडनचे ओला स्वेन्सन (टॅक्सीशी काही संबंध नाही) यांनी यावर बरंच काम केलंय, लोक वेगवान रस्त्यावर वाचणारा वेळ जास्त धरतात आणि हळू रस्त्यावर वाचणारा कमी धरतात. मला तर वाटतं आरटीओच्या टेस्टला हे एक गणित घालायला पाहिजे.

इथवर आपण ताडून बघण्याबद्दल बोललो. पण आणखी एक भानगड आहे, तिच्यात मेंदूची चूक नसते, आपण उभे कुठे आहोत याचीच चूक असते. समजा एका रूटला बसेस सरासरी दहा मिनिटांनी सुटतात. ट्रॅफिकमुळे त्या जोडीने यायला लागतात, अठरा मिनिटं काहीच नाही, मग एक येते आणि तिच्या मागे दोन मिनिटांनी रिकामी दुसरी. सरासरी अजून दहाच आहे, अठरा आणि दोनची. आता तुम्ही कधीही स्टॉपवर आलात तर कुठल्या गॅपमध्ये सापडाल? वीस मिनिटांतली अठरा मिनिटं मोठ्या गॅपची, म्हणजे दहातली नऊ माणसं मोठ्या गॅपमध्येच येणार. हिशोब केला तर सरासरी थांबणं आठ मिनिटांच्या वर जातं, दहा मिनिटांची सर्व्हिस म्हटल्यावर आपण पाच धरून चाललेलो असतो. डेपोतला माणूस म्हणतो दहा मिनिटांना बस आहे, स्टॉपवरचा म्हणतो कधीच नसते, भांडण होतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. फक्त एक जण बसेस मोजतोय आणि दुसरा माणसं.

तीन हात नाक्याला सिग्नलच्या रांगेत बाजूची लेन कायम पुढे सरकते ना, ते पण यातलंच. रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांचा १९९९ मध्ये ‘नेचर’ मध्ये छोटासा पेपर आला होता यावर. दोन्ही लेन सरासरीला सारख्याच चालत असल्या तरी जेव्हा तुमची लेन पळते तेव्हा तुम्ही पाच-सहा गाड्या झरकन मागे टाकता, काही सेकंदांत, आणि जेव्हा ती अडकते तेव्हा बाजूच्या गाड्या एकेक करून तुमच्या खिडकीसमोरून जातात आणि ते बराच वेळ चालतं. म्हणजे गाड्या मोजल्या तर बरोबरी, पण वेळ मोजला तर जास्त वेळ तुम्ही हरतच असता. शिवाय मागे टाकलेल्या गाड्या मागे गेल्या, दिसत नाहीत, पुढे गेलेल्या डोळ्यासमोर उभ्या. मग इंडिकेटर न देता लेन बदलायची, रिक्षावाल्याच्या दोन शिव्या खायच्या, आणि आता जुनी लेन पळायला लागते.

मोबाईल उघडल्यावर सगळं जग मालदीवला गेलंय असं वाटतं त्याचं पण एक कारण इथेच आहे. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये दाखवलं की बहुतेक माणसांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात, कारण ज्याला भरपूर मित्र तो भरपूर जणांच्या यादीत येतो. त्यात परत जो फिरतो तो फोटो टाकतो, जो घरी कुकर लावून बसलाय तो कशाला टाकेल. आणि त्या यादीशी ताडून माणसं पर्सनल लोन काढून ट्रिपला जातात.

मध्येच एक सांगून ठेवतो. या विषयावर रील्सचा पूर आलाय, मेंदू हॅक करा वगैरे, त्यातलं बरंचसं सोडून द्या. मानसशास्त्रातले जुने गाजलेले प्रयोग पुन्हा करून बघायची मोहीम झाली होती, २०१५ मध्ये शंभर प्रयोगांचा निकाल आला तेव्हा निम्मे पण नीट जमले नव्हते. पण पहिल्या आकड्याने मन ओढलं जाणं, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा तपासूनही टिकलंय. आणि बसचं, लेनचं, मायलेजचं तर साधं गणित आहे, ते कुठे जाणार.

आता घराकडे परत जाऊ, कारण सगळ्यात महागडी चूक अजून राहिली. घर बघताना आपण जे बघतो ते मोठं दिसतं. श्केड आणि काहनमन यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आणि अमेरिकेच्या मधल्या, थंडी-बर्फाच्या भागातल्या विद्यार्थ्यांना विचारलं की तुमच्यासारखा मुलगा कुठे जास्त सुखी असेल. दोन्हीकडच्यांनी सांगितलं कॅलिफोर्निया. पण स्वतः किती समाधानी आहात विचारलं तर दोन्हीकडचे सारखेच. ‘कुठे राहणं चांगलं’ असा प्रश्न आला की डोक्यात हवामान येतं, आणि रोजच्या जगण्यात हवामानाचा वाटा छोटा, बाकी परीक्षा, जेवण, भांडणं, प्रेमप्रकरणं सगळीकडे तीच.

आपल्याकडचं कॅलिफोर्निया म्हणजे डेक, इन्फिनिटी पूल आणि ‘एअरपोर्ट दहा मिनिटांवर’. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं, त्याच्या कितीतरी आधीपासून त्या बाजूच्या जाहिरातीत विमान उडतंय. चांगलंच आहे विमानतळ होणं, पण साधा प्रश्न, तुम्ही विमानात वर्षातून किती वेळा बसता? आणि ऑफिसला किती वेळा जाता? दोन ट्रिपांसाठी एअरपोर्ट जवळ घ्यायचा आणि वर्षाचे अडीचशे दिवस ऑफिस दूर करून ठेवायचं, हा व्यवहार ब्रोशरमध्ये असा मांडलेला नसतो.

प्रवासावर फ्राय आणि स्टुट्झर या स्विस अर्थतज्ज्ञांचं काम आहे, जर्मनीतल्या सर्व्हेवर केलेलं. त्यांचा तर्क असा होता की माणूस लांब राहायला जातो तेव्हा त्याला बदल्यात काहीतरी मिळत असणार, मोठं घर, स्वस्त घर, जास्त पगाराची नोकरी, त्यामुळे लांबून येणारा आणि जवळ राहणारा साधारण सारखेच समाधानी निघायला हवेत. तसं निघालं नाही. जेवढा प्रवास लांब तेवढं समाधान कमी, म्हणजे बदल्यात मिळालेलं पुरत नव्हतं. मला यातलं पटणारं कारण असं की जास्तीची खोली दोन महिन्यांत सवयीची होते, तिथे इस्त्रीचे कपडे आणि सायकल येऊन पडते, पण घोडबंदरच्या ट्रॅफिकची सवय होत नाही कारण तो रोज वेगळा असतो, आज चाळीस मिनिटं आणि उद्या दीड तास, त्यामुळे तो रोज नव्याने त्रास देतो.

बरं मग करायचं काय? हे सगळं वाचून तुम्ही आता फसणार नाही असं वाटत असेल तर ते एडेलसनचं चित्र परत उघडून बघा. माहीत असूनही चौकोन वेगळेच दिसतात. मन आवरून बघा, काही फरक पडत नाही. तिथे कामाला आला तो भोकं पाडलेला कागद, आणि फ्लॅट घेताना पण कागदच काढावा लागतो. साइट ऑफिसला जायच्या आधीच आपला आकडा लिहून ठेवायचा, तिथली कॉफी पिऊन झाल्यावर नाही. तो आकडा काढायला त्यांच्या ब्रोशरची गरज नाही, महाराष्ट्राच्या नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्याच परिसरातल्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे उतारे, बघता येतात, त्यात व्यवहार कितीला झाला ते लिहिलेलं असतं. साइट जरा रडवते, कॅप्चा दोनदा टाकावा लागतो, पण चार-पाच दस्त निघाले की एक अडतीस हा आकडा कुठून आला ते आपोआप कळतं. डिस्काउंट टक्क्यांत सांगितला की रुपयांत करून घ्यायचा, ईएमआयमध्ये सांगितला की एकूण करून घ्यायचा, मोबाईलचा कॅल्क्युलेटर त्यांच्या समोरच काढायचा, लाजायचं नाही, कोथिंबिरीला लाजत नाही तर इथे कशाला.

आणि फ्लॅट दोनदा बघायचा. एकदा ते बोलावतील तेव्हा, रविवारी दुपारी, रस्ता रिकामा असताना. दुसऱ्यांदा न सांगता, सोमवारी सकाळी साडेआठला, बिल्डिंगच्या गेटपासून रिक्षा पकडून ठाणे स्टेशनपर्यंत. सेल्सवाला म्हणेल सोमवारी सॅम्पल फ्लॅट बंद असतो. असू दे, सॅम्पल फ्लॅट नकोच आहे त्या दिवशी.